स्फोटक वातावरणासाठी इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहूल, तुर्भे, तळोजा, उरण या पट्ट्यात तेल, वायू आणि रसायनांचे कारखाने आहेत. त्यांना लागणारे सेन्सर, ट्रान्समीटर, गॅस डिटेक्टर बनवणाऱ्या छोट्या कंपन्या अंधेरी, रबाळे, महापे इथे आहेत. या कंपन्यांतल्या इंजिनिअर मुलामुलींकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः असेच सर्किट डिझाइन करतो. उत्तरं कमीजास्त लांबीची आहेत, कारण सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत.

आमच्या ग्राहकाचा प्लांट तर एकदम स्वच्छ आहे, वास येत नाही, गळती नाही. तरी तो "हझार्डस एरिया" का?

कारण वर्गीकरण रोजच्या दिवसाचं नसतं, गळती होण्याच्या शक्यतेचं असतं. वायूचं मिश्रण सतत किंवा बराच काळ असतं ती जागा झोन ०, उदाहरणार्थ टाकीच्या आतली वाफ. नेहमीच्या कामात अधूनमधून होऊ शकतं ती जागा झोन १. एरवी होत नाही, झालंच तर थोडाच वेळ टिकतं, ती जागा झोन २. धुळीसाठी याच धर्तीवर झोन २०, २१, २२ आहेत. साखर, पीठ, औषधांची पावडर यांच्या कारखान्यांना ते लागू होतात.

२७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला एक जहाज धडकलं, रायझर (समुद्रतळावरून वायू वर आणणारा पाइप) फुटला, वायू पेटला आणि काही तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं दगावली. त्या सकाळपर्यंत तिथेही सगळं नेहमीसारखंच होतं. झोनचा नकाशा प्लांटचा मालक बनवतो, आपण नाही. पण काम घेताना तो मागून घ्या. झोन, गॅस ग्रुप (वायू किती सहज पेटतो त्यावरून पाडलेला गट : आयआयए, आयआयबी आणि सगळ्यात कडक आयआयसी) आणि तापमान वर्ग (पृष्ठभाग किती तापू शकतो) या तीन गोष्टी हातात नसताना स्कीमॅटिक काढायला बसू नका.

फ्लेमप्रूफ डब्यात नेहमीचं सर्किट बसवलं की झालं ना? मग वेगळं डिझाइन कशाला?

काही ठिकाणी खरंच तेवढ्यावर भागतं. मोटर, मोठे दिवे, हीटर यांच्यासाठी तोच मार्ग आहे. फ्लेमप्रूफ डब्यात वायू शिरतो आणि आत स्फोटही होऊ शकतो, हे गृहीतच धरलेलं असतं. डबा तो दाब सोसतो आणि झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडणारी ज्योत वाटेतच थंड होते. ही फट किती बारीक लागते, ते वायूवर ठरतं. प्रयोगशाळेत मोजलेली सुरक्षित फट प्रोपेनसाठी ०.९२ मिमी, इथिलीनसाठी ०.६५ मिमी आणि हायड्रोजनसाठी फक्त ०.२९ मिमी आहे.

अडचण पुढे येते. डबा जड असतो. चालू असताना उघडता येत नाही, म्हणजे साधं कॅलिब्रेशन करायलाही वीज बंद करा, परमिट काढा. आणि आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे. फ्लँजच्या, म्हणजे झाकणाच्या सांध्याच्या, तासलेल्या पृष्ठभागावर गंज चढला, कुणीतरी तो पॉलिश पेपरने घासला, की फट मोठी झाली. एखादा बोल्ट लावायचा राहिला तरी संरक्षण संपलं. हातात धरायच्या किंवा टाकीवर बसवायच्या कमी वॉटच्या उपकरणासाठी म्हणूनच इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे आयएस, हा मार्ग मला जास्त पटतो. तिथे ठिणगी पडली तरी तिच्यात वायू पेटवण्याइतकी ऊर्जाच नसते.

ही कल्पना आली कुठून?

कोळशाच्या खाणीतून. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगहेनिड खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. वायू कशाने पेटला असावा, याच्या चौकशीत खाणीतल्या सिग्नलच्या विजेच्या घंटीवर संशय गेला. घंटी बॅटरीवर चालायची. एवढ्याशा व्होल्टेजने काय होणार, असाच तेव्हा समज होता. पण घंटीच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा संपर्क तुटताना ठिणगीत उतरते. व्हीलर आणि थॉर्नटन या ब्रिटिश संशोधकांनी यावर प्रयोग केले आणि "किती ऊर्जेच्या खाली वायू पेटत नाही" हा प्रश्न मोजण्याचा विषय झाला.

आजही चाचणी त्याच विचाराने होते. स्पार्क टेस्टच्या यंत्रात कॅडमियमची खाचा असलेली चकती असते आणि तिच्यावर टंगस्टनच्या ०.२ मिमी जाडीच्या चार तारा घासत फिरतात. भोवती सहज पेटेल असं मिश्रण भरतात. आयआयसी ग्रुपसाठी हवेत २१ टक्के हायड्रोजन, आयआयबीसाठी ७.८ टक्के इथिलीन, आयआयएसाठी ५.२५ टक्के प्रोपेन. आधी २४ व्होल्ट आणि ९५ मिलिहेन्रीच्या कॉइलने यंत्र तपासतात. हायड्रोजनचं मिश्रण ३० मिलिअँपिअरला पेटलं पाहिजे. मग आपलं सर्किट जोडतात. डीसी सर्किटसाठी ४०० फेरे, प्रत्येक पोलॅरिटीला २००, आणि एकदाही पेटता कामा नये. शक्य असेल तर ही चाचणी एकदा लॅबमध्ये उभं राहून बघा. त्यानंतर डेटाशीटमधला मिलिअँपिअरचा आकडा वेगळ्याच नजरेने वाचला जातो.

आयए, आयबी, आयसी यांत फरक काय?

हे आयएस सर्किटच्या संरक्षणाचे तीन स्तर आहेत. किती बिघाड झाल्यावरही सर्किट सुरक्षित राहिलं पाहिजे, हा फरक. आयएमध्ये मोजले जाणारे दोन बिघाड धरायचे, आयबीमध्ये एक, आयसीमध्ये फक्त नेहमीचं काम बघायचं. झोन ० साठी आयए लागतं, झोन १ ला आयबी चालतं, झोन २ ला आयसी.

"मोजले जाणारे" हा शब्द नीट समजून घ्या, कारण नव्या माणसाची गाडी इथेच अडते. मानकाचे (आयईसी ६००७९-११) नियम पाळून, पुरेसं मार्जिन ठेवून वापरलेला भाग बिघडला तर तो एक बिघाड मोजला जातो. जो भाग नियमात बसत नाही, तो कितीही वेळा आणि कसाही बिघडू शकतो, आणि तो मोजलाच जात नाही. तुमचा मायक्रोकंट्रोलर, रेग्युलेटर, ऑप-अँप हे सगळे या दुसऱ्या गटात. ते सगळे एकाच वेळी, सगळ्यात वाईट पद्धतीने बिघडलेत असं धरायचं आणि वर दोन मोजले जाणारे बिघाड लावायचे. एवढं होऊनही ठिणगी आणि तापमान मर्यादेत राहिलं, तर ते आयए.

यातूनच दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळतं: फर्मवेअरने करंट मर्यादित केला तर चालेल का? नाही. सॉफ्टवेअरवर इथे सुरक्षितता टेकवता येत नाही.

बोर्डावर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, पण तो ३.३ व्होल्टच्या रेलवर. तरी लॅबने हरकत का घेतली?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

समजा सर्किटला १२ व्होल्ट येतात आणि रेग्युलेटर ३.३ करून देतो. तुम्ही म्हणता, कपॅसिटरवर ३.३ व्होल्ट आहेत. परीक्षक म्हणतो, रेग्युलेटर शॉर्ट झाला, आता कपॅसिटरवर १२ आहेत. आयआयसी ग्रुपसाठी, १.५ चा सुरक्षा गुणक धरून, १२ व्होल्टला फक्त १.४१ मायक्रोफॅरड चालतात. तुमचे ४७ त्याच्या तीसपटीहून जास्त आहेत.

उपाय म्हणून रेलवर झेनर (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर धरणारे डायोड) लावायचे. आयएसाठी सहसा तीन समांतर, म्हणजे दोन उघडे पडले तरी तिसरा राहतो. ५.१ व्होल्टचा, ५ टक्के टॉलरन्सचा झेनर घेतला तर कमाल व्होल्टेज ५.३६. तक्त्यात ५ व्होल्टला १०० मायक्रोफॅरड आणि ५.५ ला ५८. ५.५ व्होल्टचा आकडा धरून चाललो तर ५८ ची मर्यादा. मग ४७ बसला का? त्याचा टॉलरन्स २० टक्के असेल तर तो ५६.४ धरावा लागतो. उरले १.६ मायक्रोफॅरड, आणि तुमच्या बोर्डावर डिकपलिंगचे १०-१५ छोटे कपॅसिटर आहेत, एखादा १० मायक्रोफॅरडचाही आहे. सगळ्यांची बेरीज टॉलरन्ससकट करायची असते. त्या रेलवर मोठा कपॅसिटर खरंच लागतो का, हा प्रश्न आधी विचारा. बहुतेक वेळा २२ मध्ये काम भागतं. नाहीच भागलं, तर कपॅसिटर आणि त्याच्यापुढचा करंट रोखणारा रेझिस्टर दोन्ही पॉटिंगमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, बुडवता येतात.

साठलेल्या ऊर्जेचं अर्धा सी व्ही वर्ग हे सूत्र इथे पुरत नाही, हेही लक्षात असू द्या. ५ व्होल्टला १०० मायक्रोफॅरड म्हणजे १२५० मायक्रोज्यूल, तरी चालतात. २८ व्होल्टला चालतात फक्त ८३ नॅनोफॅरड, म्हणजे जेमतेम ३३ मायक्रोज्यूल. कमी व्होल्टेजला साठलेली सगळी ऊर्जा ठिणगीत उतरत नाही. म्हणून हिशेब मानकातल्या तक्त्यावरूनच करायचा.

फ्यूज, झेनर, रेझिस्टर निवडताना किती मार्जिन ठेवू?

ज्या भागावर सुरक्षितता टेकलेली आहे, तो त्याच्या रेटिंगच्या दोन तृतीयांशापर्यंतच वापरायचा. फ्यूजमधून त्याच्या रेटिंगच्या १.७ पट करंट कायम वाहतो असं धरायचं.

५० मिलिअँपिअरचा फ्यूज घेतला तर हिशेबात ८५. पुढे ५.३६ व्होल्टचा झेनर, म्हणजे ०.४६ वॉट. त्याची दीडपट ०.६८. अर्ध्या वॉटचा झेनर बाद, १ वॉटचा घ्या. २८ व्होल्ट आणि ३०० ओम असेल तर शॉर्टमध्ये रेझिस्टरवर २.६ वॉट, दीडपट ३.९, म्हणजे ५ वॉटचा. रेझिस्टर फिल्म किंवा वायरवाउंड असावा. नीट निवडलेला असा रेझिस्टर शॉर्ट होत नाही असं मानक मानतं, आणि म्हणूनच आयएस सर्किटमध्ये तो सगळ्यात विश्वासाचा भाग. मेन्सला जोडलेल्या बाजूच्या फ्यूजची तोडण्याची क्षमता १५०० अँपिअर लागते. काचेचा स्वस्त फ्यूज तिथे चालत नाही.

लेआउटमध्ये कशाकडे बघू?

अंतराकडे. ३० व्होल्टपर्यंत हवेतून आणि पृष्ठभागावरून २ मिमी, १० व्होल्टपर्यंत १.५ मिमी. कोटिंगखाली ३० व्होल्टला ०.७ मिमी चालतं. अंतर कमी पडलं पण आवश्यकतेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असलं, तर तो एक मोजला जाणारा बिघाड. त्याहूनही कमी असलं, तर तिथे शॉर्ट आहे असंच धरायचं. आजकालच्या चिपच्या पायांमधलं अंतर बघितलं तर जवळजवळ सगळेच पाय एकमेकांना शॉर्ट धरावे लागतात. म्हणून सुरक्षिततेचे भाग चिपपासून लांब, एका कोपऱ्यात, मोकळे बसवा. आयएस आणि बिगर-आयएस टर्मिनलमध्ये ५० मिमी अंतर किंवा आडवा पडदा लागतो.

कोटिंगबद्दल दोन वाक्यं. मुंबईच्या पावसाळ्यात बोर्ड ओलावा धरतो, म्हणून कोटिंग करायचंच. पण कोटिंगच्या बळावर अंतर कमी केलं असेल, तर ते कोटिंग आता सुरक्षिततेचा भाग झालं. ते सगळीकडे सारखं बसलं का, टोकदार सोल्डरवर पातळ तर झालं नाही ना, हे प्रत्येक बोर्डावर तपासावं लागतं. जागा असेल तर मी पूर्ण अंतर ठेवतो आणि कोटिंग फक्त ओलाव्यापुरतं करतो.

टी४, टी६ हे काय? जितका आकडा मोठा तितकं चांगलं का?

पृष्ठभागाचं कमाल तापमान : टी१ ला ४५० अंश, टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १००, टी६ ८५. टी६ सगळ्यात कडक आहे, पण बहुतेक वायूंना टी४ पुरतं. गॅस ग्रुप आणि तापमान वर्ग यांचा एकमेकांशी संबंध नाही. हायड्रोजन बारीकशा ठिणगीने पेटतो, पण गरम पृष्ठभागाने पेटवायला ५०० अंशांच्या वर तापमान लागतं. इथरचं उलटं, ते २०० अंशांच्या आतच पेटतं.

छोट्या भागांना सवलत आहे. टी४ साठी २० चौरस मिमीपेक्षा लहान भाग २७५ अंशांपर्यंत गेला तरी चालतो. त्याहून मोठ्या, १० चौरस सेंमीपर्यंतच्या भागात ४० अंश सभोवती असताना १.३ वॉटपर्यंत उष्णता असेल तर वेगळी चाचणी लागत नाही. ८० अंशांना हाच आकडा १ वॉटवर येतो. प्रमाणपत्रात काही लिहिलं नसेल तर सभोवतालचं तापमान उणे २० ते अधिक ४० धरलं जातं. उरणला मे महिन्यात उन्हात टांगलेल्या डब्याचा विचार केला तर ४० पुरणार नाही. ६० मागा, आणि ते लेबलवर लिहा.

बॅरिअर कसा जुळवायचा? केबल किती लांब चालेल?

बॅरिअर म्हणजे धोक्याच्या जागेत जाणारी ऊर्जा मर्यादित करणारा, सुरक्षित जागेत बसवलेला भाग. बाजारात नेहमी मिळणारा बॅरिअर २८ व्होल्ट, ९३ मिलिअँपिअर, ०.६५ वॉटचा असतो. तुमच्या उपकरणाच्या प्रमाणपत्रात आत घेता येणारे व्होल्टेज, करंट आणि पॉवर याहून कमी नसावेत. मग कपॅसिटन्स : आयआयसीसाठी या बॅरिअरला ८३ नॅनोफॅरड बाहेर जोडता येतात. उपकरण १० खातं, उरले ७३. केबल मीटरला २०० पिकोफॅरड धरली, तर ३६५ मीटर. प्लांट आयआयबीचा असेल तर हीच मर्यादा ६५० नॅनोफॅरड होते आणि केबलची चिंता संपते. इंडक्टन्सचाही असाच हिशेब करायचा. डिझाइन करतानाच आतला कपॅसिटन्स कमी ठेवला, तर साइटवरच्या माणसाला पन्नास मीटरपर्यंत जास्त मिळतात. शून्याच्या जवळ आणता आला तर नक्की आणा.

ब्लूटूथ किंवा लोरा घालू का?

घाला. आयआयसीसाठी रेडिओ पॉवरची मर्यादा २ वॉट आहे, अँटेनाचा गेन धरून. तुमचा मॉड्यूल त्याच्या खूप खाली असतो. खरी काळजी मॉड्यूलच्या आतल्या कपॅसिटर आणि कॉइलची. त्यांची यादी पुरवठादाराकडून लेखी मिळवा.

बझर असलेला हातातला गॅस डिटेक्टर करतोय. काही विशेष?

पिएझो बझर आपटल्यावर स्वतः वीज तयार करतो. आयआयसीसाठी तिची मर्यादा ५० मायक्रोज्यूल आहे, म्हणून त्याला समांतर झेनर किंवा रेझिस्टर लावतात. हातातलं उपकरण किमान १ मीटरवरून चार वेळा टाकून बघतात, आणि बॅटरी बाहेर उडाली तर तिच्या टोकांवरची ठिणगीही हिशेबात येते. करंट रोखणारा रेझिस्टर बॅटरीपॅकमध्येच पॉटिंग करून बसवा. चार्जिंग धोक्याच्या जागेत करू नये, हे लेबलवर लिहा.

प्लास्टिकच्या डब्यावर घर्षणाने स्थिर वीज साठते. आयआयसीसाठी झोन १ ला २० चौरस सेंमी आणि झोन ० ला फक्त ४ चौरस सेंमी उघडं साधं प्लास्टिक चालतं. त्याहून मोठं असेल तर पृष्ठभागाचा रोध १ गिगाओमच्या आत आणणारं प्लास्टिक घ्या. ॲल्युमिनियम झोन ० मध्ये नको; गंजलेल्या लोखंडावर आपटलं की ठिणगी पडते.

पेसो, एटेक्स, आयईसीईएक्स. नेमकं कोणतं घ्यायचं?

माल कुठे बसणार यावर ठरतं. भारतातल्या रिफायनरी, तेलाचे साठे, गॅस स्टेशन यांच्यासाठी पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मंजुरी लागते. तिचं मुख्यालय नागपूरला, आपल्या भागाचं कार्यालय बेलापूरला. कोळसा आणि तेलाच्या खाणींसाठी धनबादचं डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय. युरोपात विकायचं तर एटेक्स, म्हणजे २०१४/३४/ईयू हा निर्देश. आयईसीईएक्स ही आंतरराष्ट्रीय योजना आहे आणि तिचा अहवाल इतर ठिकाणच्या अर्जांना उपयोगी पडतो. तांत्रिक पाया सगळीकडे एकच, आयईसी ६००७९ ही मालिका. आपल्याकडे ती आयएस/आयईसी ६००७९ म्हणून आहे (इथे आयएस म्हणजे इंडियन स्टँडर्ड). इंट्रिन्सिकली सेफसाठी भाग ११ वाचा, आणि २०२३ ची सातवी आवृत्ती हाताशी ठेवा, जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

सीई मार्क म्हणजे एटेक्स नव्हे. प्रमाणपत्राच्या नंबरामागे एक्स असेल तर वापराच्या खास अटी आहेत. त्या वाचून ग्राहकाला लेखी कळवणं हे तुमचं काम आहे.

प्रमाणपत्र मिळालं. आता एक भाग बाजारात मिळत नाही. लॅमिंग्टन रोडवर तसाच दुसरा मिळतो. बदलू का?

तो भाग प्रमाणपत्राच्या ड्रॉइंगमध्ये सुरक्षिततेचा म्हणून नोंदलेला असेल तर नाही. तिथे कंपनी आणि पार्ट नंबर दोन्ही बांधलेले असतात. "४७ ओम, १ वॉट" एवढं सारखं असणं पुरत नाही. आतली रचना, कोटिंग, कमी तापमानाला रेटिंग किती उतरतं हे सगळं वेगळं असू शकतं. परचेस विभागाने चार रुपये वाचवायला केलेली बदली थेट टाकीवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या जिवावर येते. त्याला तर बोर्डावर काय बदललं हे कधी कळणारही नाही. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक महत्त्वाच्या भागाला दोन-तीन पर्याय ड्रॉइंगमध्ये घालून मंजूर करून घ्या. बिगर-सुरक्षिततेचे भाग बदलायला मोकळीक असते, पण एकूण कपॅसिटन्स वाढला नाही ना, हे बघूनच.

कारखान्याचं ऑडिटही होतं. आयसो/आयईसी ८००७९-३४ प्रमाणे आवकेची तपासणी, प्रत्येक बॅचची नोंद आणि बदलांचा इतिहास लागतो. हे सगळं पहिल्या प्रोटोटाइपपासून लिहीत गेलात तर जड जात नाही.

प्लांटमध्ये साध्या मोबाइलने गेजचा फोटो काढला तर?

झोनमध्ये नेऊ नका. फोनच्या बॅटरीला किंवा आतल्या सर्किटला वरच्यापैकी एकही नियम लागू झालेला नाही.

ग्राहकाचा टेक्निशियन साइटवरच बोर्डाला सोल्डर करतो. चालेल?

झोनमध्ये सोल्डरिंग म्हणजे हॉट वर्क (आग लागू शकेल असं काम), ते परमिटशिवाय नाहीच. वर्कशॉपमध्ये केलं तरी सुरक्षिततेच्या भागाला हात लावला की प्रमाणपत्राचा आधार सुटतो. दुरुस्तीसाठी आयईसी ६००७९-१९ हे वेगळं मानक आहे आणि त्यात सक्षम दुरुस्ती केंद्र, मूळ ड्रॉइंग आणि दुरुस्तीची नोंद लागते. सोपा मार्ग असा की बोर्ड अख्खा बदलता येईल अशी रचना ठेवा, दोन सुटे बोर्ड ऑर्डरसोबतच द्या, आणि मॅन्युअलमध्ये मराठी-हिंदीतही लिहा : बिघडलेला बोर्ड कारखान्यात परत पाठवा.